चालढकलीचा शेरा लिहिण्याआधी: विभागप्रमुख आणि मनुष्यबळ अधिकाऱ्यांना खुले पत्र

सर्व विभागप्रमुख आणि मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

‘काम वेळेत हाती घेत नाही’, ‘आठवण केल्याशिवाय हलत नाही’, ‘सगळे शेवटच्या दिवसावर ढकलतो’ असे शेरे तुम्ही वार्षिक मूल्यमापनात लिहिता, तेव्हा त्या माणसाचा स्वभाव टिपतो आहोत असे तुम्हाला वाटते. पुष्कळदा त्या शेऱ्यात उतरलेले असते ते त्याचे कार्यालयातले स्थान. हे स्थान पदनामावरून कळत नाही. कुणाच्या मेलला तासाभरात उत्तर येते आणि कुणाच्या मेलला चार दिवसांनी, बैठकीत कुणाचे वाक्य पुरे होऊ देतात आणि कुणाचे मध्येच तोडतात, निर्णयाआधी कुणाला विचारतात आणि कुणाला नंतर कळवतात, यावरून ते कळते. एकाच पदावरच्या, एकाच पगाराच्या दोन माणसांमध्ये या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हे वजन कसे वाटले गेले आहे ते पाहिल्याशिवाय चालढकलीवर केलेला इलाज वाया जातो, आणि बरेचदा दुखणे वाढवतो. हे पत्र त्यासाठी आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. प्रत्येक उशीर म्हणजे चालढकल नव्हे. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा एकत्रित आढावा घेतला. त्यात चालढकलीची व्याख्या अशी आहे: करायचे म्हणून ठरवलेले काम, उशिराने आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही, आपणहून पुढे ढकलणे. दुसऱ्या विभागाकडून आकडे आले नाहीत म्हणून थांबलेले काम या व्याख्येत बसत नाही. अधिक तातडीचे काम आले म्हणून बाजूला ठेवलेले कामही बसत नाही. तुमच्या प्रलंबित कामांच्या यादीत मात्र हे तिन्ही एकाच रांगेत, एकाच लाल रंगात दिसतात.

दुसरी गोष्ट अशी की चालढकल हा मुळात घड्याळाचा प्रश्न नाही. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडले, की काम पुढे ढकलून माणूस त्या कामाशी जोडलेल्या त्रासदायक भावनेपासून तेवढ्यापुरती सुटका मिळवतो. ही भावना धास्तीची असेल, अपमानाची असेल किंवा ‘याचा काय उपयोग’ या वैफल्याची. वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा या भावनेला हातही लावत नाही.

ही भावना कार्यालयात कुठून येते, याचे उत्तर अनौपचारिक स्थानात आहे.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात १४ कामगारांच्या एका गटाचे जवळून निरीक्षण झाले. त्यात ९ जण तारा जोडणारे, ३ डाख देणारे आणि २ तपासनीस होते. दिवसाला किती काम ‘पुरेसे’ हे त्या गटाने आपसांत ठरवून टाकले होते, आणि त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसत असे. कामाची अदलाबदल करायला नियमाने मनाई होती, तरी ती होई. ती मागणारा जवळजवळ नेहमी तारा जोडणारा असे आणि डाख देणारा मुकाट्याने कबूल होई. ही उतरंड कोणत्याही आदेशात लिहिलेली नव्हती. तरीही कोण किती आणि कधी काम करणार, हे तिच्यावर ठरत होते. आज जागा बदलली, साधने बदलली, पण ‘जरा हे तूच करून टाक ना’ हे वाक्य कोणत्या दिशेने जाते ते पाहा. दिशा तीच आहे.

कमी वजनाच्या माणसाच्या टेबलावर नेमके काय घडते, ते एका कामावर दाखवतो. समजा, साठ्याच्या हिशेबातील तफावतींचा अहवाल ३ तारखेला एका कर्मचाऱ्याकडे सोपवला आणि तो १९ तारखेला आला. एकूण १६ दिवस. प्रमुखाच्या नजरेत हे दोन दिवसांचे काम होते, म्हणून शेरा तयार. आता तारखा उलगडू. अहवालाला दोन विभागांचे आकडे हवे होते. त्याने ३ तारखेलाच मेल केले. एका विभागाने ५ तारखेला पाठवले. दुसऱ्याला ७ ला आठवण, १० ला पुन्हा आठवण, आणि १२ ला आकडे मिळाले. इथपर्यंतचे ९ दिवस निव्वळ वाट पाहण्याचे आहेत. तोच मेल वजनदार सहकाऱ्याकडून गेला असता तर आकडे त्याच दुपारी आले असते, हे त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत असते. १२ ते १७ या ५ दिवसांत मात्र काम हातात असून सुरू झाले नाही. ही खरी चालढकल. १७ ते १९ प्रत्यक्ष काम, २ दिवस, म्हणजे तुम्ही अंदाजलेलेच.

मधल्या ५ दिवसांकडे नीट पाहा. तफावत कोणत्या रकमेच्या वर दाखवायची हे सांगितलेले नव्हते. विचारावे, तर मागच्या वेळी ‘एवढेही कळत नाही का’ असे सगळ्यांदेखत ऐकावे लागले होते. स्वतः ठरवावे, तर चुकल्यावर पाठीशी उभे राहणारे कोणी नाही. शिवाय त्या ५ दिवसांत त्याच्याकडे इतरांची किरकोळ कामे आली: कुणाची स्प्रेडशीट नीट करून देणे, बैठकीची टिपणे, खोलीचे आरक्षण, पाहुण्यांच्या प्रवेशपासाची यादी. ही कामे स्पष्ट असतात, वीस मिनिटांत संपतात आणि केल्यावर कुणीतरी ‘थँक्यू’ म्हणते. अहवाल धूसर आहे, लांबलचक आहे, आणि तो शेवटी दुसऱ्याच्या नावाने मांडला जाणार आहे. माणूस कोणते काम आधी उचलेल? बाहेरून पाहणाऱ्याला तो दिवसभर कामातच दिसतो, आणि मुख्य काम तसेच पडून राहते.

याच्यामागची यंत्रणा स्टील आणि कॉर्नेलियस क्योनिग यांनी २००६ मध्ये एका समीकरणात बसवली. काम करण्याची ओढ म्हणजे यशाची अपेक्षा गुणिले फळाचे मोल, भागिले फळ मिळायला लागणारा काळ आणि माणसाची उतावीळ वृत्ती यांचा गुणाकार. या चार घटकांपैकी उतावीळपणा तेवढा माणसाच्या स्वभावातला. बाकी तिन्हींवर कार्यालयातल्या स्थानाचा थेट परिणाम होतो. आपल्या मेलला उत्तर येत नाही, आपल्या शंकेला किंमत नाही, म्हणून यशाची अपेक्षा खाली येते. श्रेय दुसरीकडे जाते, म्हणून मोल घटते. मंजुरीच्या रांगेत आपली फाइल सर्वांत खाली असते, म्हणून फळ लांबते. अंश लहान आणि छेद मोठा झाला की ओढ किती उरणार? तुम्ही मात्र आजवर समीकरणातल्या चौथ्या घटकावरच बोट ठेवत आला आहात.

आता दुसरे टोक, ज्याची चर्चा फारशी होत नाही. वजनदार माणसेही चालढकल करतात, फक्त तिला कोणी तसे म्हणत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एडविन हॉलंडर यांनी १९५८ मध्ये मांडले की गटाच्या उपयोगी पडून आणि त्याचे नियम पाळून माणूस आपली पत साठवतो आणि पुढे नियम मोडताना ती खर्च करतो. गट तेवढी सूट देतो. कार्यालयात ही पत सर्वांत जास्त खर्च होते ती उशिरावर. जाणत्या ज्येष्ठाकडे आठ दिवस पडलेला मसुदा ‘ते बिझी आहेत’ म्हणून माफ होतो. पण त्या मसुद्यावर अवलंबून असलेल्या तिघांचे आठ दिवस माफ होत नाहीत. ते त्यांच्या नावावर चढतात. म्हणजे वरचा उशीर खाली उतरतो आणि तिथे त्याला आळस असे नाव मिळते. या पत्रातली एकच गोष्ट तुम्ही लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

जाणत्यांच्या चालढकलीचे कारणही वेगळे असते. ज्याची ओळख ‘याचे कधी चुकत नाही’ अशी झाली आहे, तो नव्या पद्धतीचे, फसण्याची शक्यता असलेले काम टाळतो, कारण त्यात गमावण्यासारखे बरेच असते. त्याला आणखी मान देऊन किंवा मोकळे सोडून उपयोग होत नाही. कामाचा पहिला टप्पा ‘चाचणी’ म्हणून जाहीर करावा लागतो, म्हणजे फसले तरी नावाला बट्टा लागत नाही.

तिसरा गट सर्वांत दुर्लक्षित: ज्यांचे वजन अचानक उतरले आहे ते. नवा प्रमुख आला, दोन विभाग एक झाले, जुनी प्रणाली बंद पडली आणि तिचा एकमेव जाणकार एका रात्रीत सामान्य झाला. वर्षानुवर्षे वेळेत काम देणारा माणूस चार-सहा महिन्यांत रेंगाळू लागला, तर आधी हा प्रश्न विचारा: अलीकडे त्याला विचारणे कोणी बंद केले?

तुमचे नेहमीचे उपाय इथे का फसतात तेही सांगायला हवे. प्रलंबित कामांची नावानिशी यादी भिंतीवर किंवा सामाईक ग्रुपवर लावली की खालच्या माणसाचे उरलेसुरले वजन जाते आणि पुढच्या मेलला उत्तर आणखी उशिरा येते. रोजचा फॉलो-अप घेतला की माणूस काम करण्याऐवजी ‘काम चालू आहे’ हे दाखवू लागतो. ‘नव्वद टक्के झाले’ हे उत्तर सलग दोन आठवडे ऐकू येते. अंतिम तारीख अलीकडे ओढली तर वाट पाहण्याचे ९ दिवस कमी होत नाहीत, फक्त उरलेल्या वेळेत धास्ती वाढते. स्क्रीनवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर माउस हलतो की नाही, कोणते ॲप उघडे आहे, असे सांगते. काम कोणाचे चालले आहे ते सांगत नाही. स्वतःची किरकोळ कामे करणारा आणि इतरांची किरकोळ कामे उपसणारा त्याला सारखेच दिसतात.

मग करायचे काय? पहिले चार आठवडे काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. दोन दिवसांहून मोठ्या प्रत्येक कामासाठी चार तारखा लिहा: काम सोपवले कधी, लागणारी सगळी माहिती आणि मंजुरी हाती आली कधी, सुरुवात झाली कधी, काम हातावेगळे झाले कधी. पाचव्या रकान्यात ते कोणाकडे अडकले होते ते लिहा, आणि तिथे तुमचे स्वतःचे नाव येत असेल तर तेही लिहा. पहिल्या दोन तारखांमधले अंतर म्हणजे वाट पाहणे, दुसऱ्या-तिसऱ्यामधले म्हणजे संभाव्य चालढकल, तिसऱ्या-चौथ्यामधले म्हणजे काम. सरासरी काढू नका, कारण एकच रखडलेली फाइल ती बिघडवते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. एका माणसाची दहा-बारा कामे नोंदली जाईपर्यंत त्याच्याबद्दल निष्कर्ष काढू नका, मग चाराचे आठ आठवडे झाले तरी चालतील. आणि ही नोंद मूल्यमापनात वापरणार नाही हे आधी लेखी द्या. तसे दिले नाही तर पहिल्याच आठवड्यात ‘सुरुवात’ या रकान्यात खोट्या तारखा पडू लागतील.

याच काळात वजनाचाही अंदाज घ्या. त्यासाठी प्रश्नावली लागत नाही, आणि ‘तुम्हाला किती मान मिळतो’ असे विचारून खरे उत्तरही मिळत नाही. प्रत्येकाने सहकाऱ्यांना केलेल्या शेवटच्या वीस विनंत्या घ्या आणि पहिले उत्तर किती वेळाने आले ते पाहा. तीन बैठकांत कोणाचे बोलणे किती वेळा तोडले गेले, टिपणे कोणी घेतली, आणि एकाची सूचना दुसऱ्याच्या नावावर किती वेळा गेली ते मोजा. हे मोजणारा त्या विभागाबाहेरचा असावा. आतल्या माणसाला सवयीमुळे तोडलेले वाक्य ऐकूच येत नाही.

चार आठवड्यांनी बहुतेक ठिकाणी हस्तक्षेपाची जागा आपोआप दिसेल. वाट पाहण्याचे दिवस जास्त असतील तर नियम एकच: अंतर्गत विनंतीला एका कामकाजाच्या दिवसात उत्तर. ते ‘गुरुवारी देतो’ एवढे असले तरी पुरे. शंकेला दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर विचारणाऱ्याने आपले गृहीतक लिहून कळवायचे आणि पुढे जायचे: ‘उत्तर नसल्याने ठरावीक रकमेच्या वरच्याच तफावती धरल्या आहेत.’ गृहीतक नंतर चुकीचे ठरले तर जबाबदारी उत्तर न देणाऱ्याची. हे शेवटचे कलम गाळून नियम लागू करू नका. ते नसेल तर कमी वजनाचा माणूस गृहीतक धरायला धजावणार नाही आणि नियम कागदावरच राहील. प्रत्यक्ष पैसे देणे-घेणे, सुरक्षितता किंवा कायदेशीर बंधन यांच्याशी संबंध असलेल्या कामांना ही सवलत लागू नाही. तिथे शंका थेट वरच्या पातळीवर जावी आणि मंजुरी देणाऱ्याचा बदली अधिकारी आधीच नेमलेला असावा.

माहिती हाती असून सुरुवात रखडत असेल तर काम सोपवण्याची पद्धत तपासा. सोपवताना पाच ओळी लिहून द्या: काय हवे, कोणासाठी, पहिला मसुदा किती कच्चा चालेल, अंतिम निर्णय कोणाचा, शंका कोणाला विचारायची. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते. कच्चा मसुदा एकूण मुदतीच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यात मागा, म्हणजे दहा दिवसांचे काम असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि तो फक्त एकानेच वाचावा. त्यावरचे अभिप्राय फक्त त्या व्यक्तीला, कामाबद्दल, लेखी. सर्वांना प्रत टाकून दिलेला अभिप्राय बरोबर असला तरी पुढच्या मसुद्याला आठवडाभर मागे ढकलतो.

कर्मचाऱ्याने स्वतः करण्याजोगेही थोडे आहे. ‘उद्या सुरुवात करतो’ याऐवजी ‘सकाळची बैठक संपली की जागेवर बसून पहिला तक्ता उघडतो’ असा प्रसंग आणि कृती जोडणारा संकल्प लिहिला तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. पीटर गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला आणि परिणाम मध्यम ते मोठा आढळला. पण त्या वेळेला दुसऱ्याचे ‘जरा पाच मिनिटे’ आडवे येणार असेल तर संकल्प टिकत नाही. म्हणून रोज नव्वद मिनिटांचे दोन पट्टे असे ठेवा, की त्यात कोणीही कोणाकडे किरकोळ काम नेणार नाही. हा नियम आधी वजनदारांनी पाळायचा, कारण मोडणारे बहुधा तेच असतात.

किरकोळ कामांबद्दल थोडे सविस्तर, कारण खरा वेळ तिथे गळतो. टिपणे, आरक्षणे, समन्वय, निरोप समारंभाची वर्गणी या कामांसाठी ‘कोण करेल?’ असे विचारू नका. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बढतीला उपयोगी नसलेल्या अशा कामांसाठी मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे आल्या, त्यांनाच जास्त वेळा विचारले गेले आणि त्यांनी जास्त वेळा होकार दिला. फक्त पुरुषांच्या किंवा फक्त स्त्रियांच्या गटांत पुढे येण्याचे प्रमाण मात्र सारखेच होते. म्हणजे हा आवडीचा मामला नाही. हे काम कोण करणार याची सगळ्यांनी धरलेली अपेक्षा आहे. म्हणून पाळी लावा. आडनावाच्या अक्षरक्रमाने, प्रमुखासकट. पाळी चुकवायची असेल तर बदली माणूस शोधण्याचे काम चुकवणाऱ्याचे, आणि त्याचीही नोंद. पहिल्या महिन्यात ज्येष्ठ मंडळी ‘माझ्या वेळेची किंमत जास्त आहे’ असे सांगतील. तसे असेल तर ते काम कोणाच्या तरी अधिकृत कामाच्या यादीत घाला आणि तेवढे तास त्याच्या इतर कामातून वजा करा. फुकटात कोणाच्या तरी गळ्यात पडू देऊ नका.

श्रेयाबाबत दोनच गोष्टी. ज्याने काम केले त्याचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर असावे, आणि वरिष्ठांसमोर निदान त्याचा भाग त्यानेच मांडावा. बैठकीत मत घेताना आधी पाच मिनिटे सर्वांनी लिहून काढावे, मग सर्वांत नव्या माणसापासून सुरुवात करावी. वजनदार माणूस आधी बोलला की बाकीच्यांची मते त्याच्याकडे वळतात.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. प्रत्येक चालढकलीचे मूळ स्थानातच आहे असे आम्ही म्हणत नाही. उलटही घडते: सतत उशीर करणाऱ्याचे वजन घटते, वजन घटल्याने उशीर वाढतो, आणि सुरुवात कुठून झाली हे नंतर सांगता येत नाही. ओळखण्याची एक खूण आहे. ज्या कामांत माहिती लगेच मिळते, निर्णय स्पष्ट आहे आणि श्रेय त्याचेच आहे, ती कामे तो वेळेत सुरू करतो का? करत असेल तर अडचण स्थानाची आहे. तिथेही तसेच रेंगाळत असेल तर कौशल्याची उणीव, कामाचा खरोखरच अतिरेक, लक्ष टिकवण्याची अडचण किंवा नैराश्य अशी कारणे असू शकतात. त्यांचे निदान करणे तुमचे काम नाही. बोलायला एकांत, सल्लागाराचा पर्याय आणि रजेची सोय देणे हे आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच चार तारखा मोजा. आधी वाट पाहण्याचे दिवस घटतील. सुरुवातीचा रखडा उशिरा हलतो, कारण ‘विचारले तर अपमान होतो’ हा अनुभव पुसायला वेळ लागतो. त्या आधीच ‘काही फरक नाही’ म्हणून नियम गुंडाळू नका. आणि शिस्तभंगाच्या ज्या नोटिसा केवळ ‘कामात दिरंगाई’ या कारणासाठी तयार आहेत, त्या ही नोंद पुरी होईपर्यंत रोखून धराव्यात, ही आमची स्पष्ट मागणी आहे. नोंद पाहून ज्या निघतील त्या निघू देत, पण प्रत्येक नोटिशीला त्या चार तारखा आणि पाचवा रकाना जोडलेला असावा.

आपले,
कामाची रचना आणि कर्मचाऱ्यांचे मानसशास्त्र या क्षेत्रात काम करणारे आम्ही काही जण